उरलेल्या लिपस्टिका वितळवून बाम किंवा ग्लॉस केलाय का कोणी?

गोधडी
दिवाळीच्या आवराआवरीत ड्रेसिंग टेबलाचा खालचा खण उपसला. त्यात चौदा लिपस्टिका निघाल्या. चौदा! त्यातल्या नऊ कडेपर्यंत घासून संपलेल्या, पण आत नळीत ऐवज आहेच. हेअरपिनच्या मागच्या टोकाने एक कोरून पाहिली तर चांगला वाटाण्याएवढा गोळा निघाला. उरलेल्या पाच म्हणजे दुकानातल्या पांढऱ्या दिव्याखाली झकास दिसलेल्या आणि घरी आल्यावर कावीळ झाल्यासारखा चेहरा करणाऱ्या. एक तर इतकी फिकट गुलाबी आहे की लावली की ओठ गायबच होतात.

टाकवत नाहीत हो. प्रत्येकीला चारपाचशे मोजलेत. तर सगळ्या वितळवून रंगीत लिपबाम किंवा ग्लॉस करावा म्हणते. प्रश्न असे:
१. नुसत्या वितळवून डबीत ओतल्या तर चालेल का? की मेण-तेल घालावं लागतं, आणि किती?
२. वेगवेगळ्या कंपन्यांच्या एकत्र केल्या तर भांडतील का एकमेकींशी?
३. जुन्या आहेत. किती जुन्या चालतात?

तिरपागडे_भाऊ
आयडीला शोभेल असा धागा. चिंध्या झाल्या, आता लिपस्टिकांचीही गोधडी. (दिवे घ्या, म्हणजे हलकेच घ्या.)

आरसा
माझं पार्लर आहे, बारा वर्षं. गोधडी, नुसत्या वितळवून ओतू नकोस. कांडीत मेण जास्त असतं कारण तिला उभं राहायचं असतं. तीच डबीत ओतली की बोटाने उकरावी लागते, आणि ओठावर थर बसतो. तेल घालून सैल करावीच लागते. आळशी लोकांसाठी: व्हॅसलीन दोन चमचे, लिपस्टिक चिमूटभर, वाफेवर वितळव, ढवळ, संपलं. मेण नको, माप नको.

सडेतोड
मी विरुद्ध मत देते, राग मानू नका. चारपाचशे रुपये मोजले ते मोजले, आता ते परत येणार नाहीत. पाच वर्षं जुनी, शंभर वेळा तोंडाला लावलेली वस्तू गरम करून पुन्हा तोंडालाच लावायची? ही काटकसर नव्हे. टाकून द्या.

चिंगी_२
पॉपकॉर्न घेऊन बसले.

रसायनी
मी सौंदर्यप्रसाधनांच्या प्रयोगशाळेत काम करते (कंपनी विचारू नका), तेव्हा दोन्ही बाजूंनी बोलते.

लिपस्टिक म्हणजे मुळात तीन गोष्टी: मेण, तेल, रंगद्रव्य. तेल बहुतेक वेळा एरंडेल, कारण ते दाट असतं आणि रंगाची भुकटी त्यात चांगली भिजते. पाणी नसतं. पाणी नाही म्हणून जिवाणू सहज वाढत नाहीत, आणि म्हणूनच लिपस्टिक लगेच 'नासत' नाही. पण तेल खवट होतं. कळतं कसं? वास घ्या. जुन्या शेंगदाण्यांचा किंवा मेणरंगाच्या खडूचा वास आला तर ती बाद. कांडीवर घामाचे थेंब आले असतील तर तो केवळ उन्हाळाही असू शकतो, पण थेंब आणि वास दोन्ही असतील तर विचार करू नका.

खोक्यावर उघड्या डबीचं छोटं चित्र असतं आणि त्यात '१२ एम' किंवा '२४ एम' लिहिलेलं असतं. उघडल्यापासून तेवढे महिने, असा त्याचा अर्थ. खोकं कोणीच ठेवत नाही हे मलाही माहीत आहे.

सडेतोड यांचं एक म्हणणं शंभर टक्के मान्य. ताप आल्यावर ओठावर फोड उठले असतील आणि तेव्हा जी लिपस्टिक वापरली असेल, ती सरळ टाका. वितळवल्याने ती शुद्ध होत नाही. मेण वितळतं ६२ ते ६४ अंशाला. तेवढ्या उष्णतेवर दोन मिनिटं ठेवणं म्हणजे निर्जंतुक करणं नव्हे.

बाकीच्यांचा वरचा थर सुरीने तासून फेका, आतलाच माल घ्या. डबी आणि काडी सर्जिकल स्पिरिटने पुसून पूर्ण वाळवा.

गोधडी
धन्स रसायनीताई! आत्ता सगळ्यांचा वास घेऊन आले. नवरा दारात उभा राहून बघत होता, काही बोलला नाही. चार बाद. दहा उरल्या.

चिंगी_२
आता माझी कहाणी ऐका म्हणजे तुमचं तरी वाचेल. लॉकडाऊनमध्ये मी हाच उद्योग केला होता. माझ्याकडे होत्या त्या त्या नळीतल्या पातळ मॅट, ब्रशवाल्या, 'सोळा तास हलत नाही' छापाच्या. त्या आणि दोन साध्या कांड्या काचेच्या वाटीत घालून मायक्रोवेव्हमध्ये ठेवल्या. कांड्या वितळल्या. मॅटचं मात्र रबर झालं. खरंच रबर! दुधात लिंबू पिळल्यावर होतं तसं चोथापाणी वेगळं. वर वास असा की साबांनी (सासूबाईंनी) विचारलं, कुठे रंगकाम चालू आहे का.

रसायनी
चिंगी, अगदी हेच होणार होतं. त्या पातळ मॅटमध्ये उडून जाणारा द्राव असतो आणि पापुद्रा धरणारं राळेसारखं द्रव्य असतं. द्राव उडतो, पापुद्रा राहतो, म्हणून ती हलत नाही. त्यात मेण-तेल घालून काही होत नाही, आणि तो द्राव ज्वालाग्राही असू शकतो. गॅसजवळ तर नकोच नको. फक्त कांड्याच घ्या. गोधडी, तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर यातच आलं. कंपन्या भांडत नाहीत, जाती भांडतात.

तिरपागडे_भाऊ
वाक्य फ्रेम करून ठेवतो.

सडेतोड
आणि मायक्रोवेव्हमध्ये धातूची नळी घालू नका हे कोणीतरी लिहा. लोक घालतात.

आजीची_नात
अवांतर आहे पण राहवत नाही. मेण आणि तेलाचं बोलताय तर आमच्या आजीच्या करंड्याची आठवण झाली. ती कोरडं कुंकू लावायची. आधी कपाळावर बोटाने मेण टेकवायचं, गोल, आणि मग त्यावर पिंजर. मेणाची वेगळी छोटी डबी असायची, करंड्याच्या शेजारी. तिची डबी चांदीची होती, झाकणाला आतून कायम लाल बोटाचा ठसा. ते मेण ती घरीच करायची, मधमाशीच्या मेणात खोबरेल घालून. थंडीत ओठ फुटले की तेच बोट ओठावरून फिरवायची आणि आम्हालाही लावायची. आमचे ओठ किंचित गुलाबी व्हायचे, कारण डबीत कुंकू सांडलेलं असायचंच. तेव्हा गोधडी, तू काही नवीन करत नाहीयेस.

गोधडी
किती सुंदर. आमच्याकडेही होती अशी डबी, पितळेची. कुठे गेली कोण जाणे.

आरसा
+१. फक्त आताचं बाजारातलं कुंकू ओठाला लावू नका हं कोणी, ही आठवण वाचून. कशाचं केलेलं असतं काही सांगता येत नाही.

कोकणकडा
मेणाबरोबर मुठेल वापरा की. आमच्याकडे म्हणजे रत्नागिरीकडे कोकमाच्या बियांचं तेल काढतात. ते थंड झालं की थिजतं, मग हातात घेऊन मुठीने वळतात म्हणून मुठेल. पांढरट, टणक. टाचांच्या भेगांना, फुटलेल्या ओठांना हेच. पणतीवर जरा धरायचं आणि टेकवायचं. ते साधारण ४० अंशाला वितळतं, म्हणजे खोबरेलासारखं लगेच पाणी होत नाही. शहरात 'कोकम बटर' म्हणून छोट्या डबीत चौपट भावाने विकतात, तेच हे.

थंडोबा
पुरुष आयडी आहे, तरी बोलू का? मी मिनेसोटात आहे. इथे जानेवारीत उणे पंचवीस असतं, लिपबाम म्हणजे चैन नाही, औषध आहे. बायकोने कोकणकडा म्हणतात तसं आईने पाठवलेलं मुठेल, मेण आणि बदामतेल घालून बाम केला. आपण खूश. पण ढवळायला जी काडी घेतली ती आधी तिच्या लिपस्टिकच्या प्रयोगात वापरलेली होती. मी सकाळच्या अंधारात लावून ऑफिसात गेलो. अडीच तास मीटिंगमध्ये कोणी काही बोललं नाही. सभ्य लोक आहेत इथले.

तिरपागडे_भाऊ
हहपुवा (हसून हसून पुरेवाट)! कुठली शेड होती ते तरी सांगा.

थंडोबा
बायको म्हणते 'गंजका गुलाब'. तुला शोभत होती असंही म्हणते.

नागपुरी_संत्रं
तुमचं थंडीचं ठीक आहे. आमच्याकडे मे महिन्यात ४५ अंश असते. मागच्या उन्हाळ्यात मी खोबरेल घालून मस्त बाम केला, पर्समध्ये ठेवला, स्कुटीच्या डिकीत पर्स. बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) उतरून पाहते तं पूर्ण पर्सचं अस्तर गुलाबी! पासबुकसुद्धा. बँकेतला माणूस पासबुक हातात घेऊन माझ्याकडे पाहतच राहिला. तवापासून मी खोबरेल बंद केलं बाप्पा.

रसायनी
बरोबर, खोबरेल २४ अंशालाच वितळतं. पुण्यात डिसेंबरात बाटलीत गोठतं आणि दुपारी पुन्हा पातळ होतं, ते सगळ्यांनी पाहिलंय. आता एकदाच मापं लिहून टाकते, वाखुसा (वाचनखूण साठवा) करा.

साधा बाम, २० ग्रॅमसाठी: मधमाशीचं मेण ३ ग्रॅम, मुठेल किंवा कोकम बटर ५, एरंडेल ८, लिपस्टिक ४. एक अख्खी नवी कांडी साडेतीन-चार ग्रॅमची असते, म्हणजे तुमचे चार-पाच उरलेले बुडखे झाले. हलका रंग हवा असेल तर लिपस्टिक दोन ग्रॅमच घ्या आणि एरंडेल वाढवा.
नागपूर, जळगाव, सोलापूरवाल्यांनी मेण ४ ते ५ ग्रॅम करावं आणि तेवढं एरंडेल कमी करावं.
ग्लॉस: एरंडेल ८, लिपस्टिक २, मेण अर्धा ग्रॅम. चमक एरंडेलाचीच असते, वेगळं काही नको. चिकट होणार, वाऱ्यात केस ओठाला चिकटणार, त्याला इलाज नाही.

मेण घेताना मधमाशीचंच घ्या. मेणबत्तीचं मेण वेगळं, ते खनिज तेलाचं असतं, आणि मेणबत्तीत रंग-वास काय घातलाय ते ओठासाठी नसतं.

वजनाला साधा स्वयंपाकघरातला काटा चालणार नाही, दोन-तीन ग्रॅम त्यावर अचूक कळत नाहीत. सोनं तोलायचा छोटा डिजिटल काटा ऑनलाइन मिळतो.

कृती: पातेल्यात पाणी उकळायला ठेवायचं, त्यात काचेची वाटी. आधी मेण, ते वितळलं की मुठेल, मग तेल, सगळ्यात शेवटी लिपस्टिक. पाण्याचा एक थेंबही आत जाऊ द्यायचा नाही. ओतेपर्यंत ढवळत राहायचं, नाहीतर रंग तळाला बसतो आणि वरची डबी फिकट, शेवटची भडक होते.

कोकणकडा
घट्टपणा बघायची युक्ती: फ्रीजरमध्ये स्टीलची ताटली ठेवायची आणि तिच्यावर एक थेंब टाकायचा, पाकाची गोळी बघतो तसं. अर्ध्या मिनिटात थिजतो. बोटाने दाबून बघा. कडक वाटला तर तेल, मऊ वाटला तर मेण. ओतल्यावर बघून उपयोग नाही, मग पुन्हा सगळं वितळवा.

सडेतोड
काटा पाचशेचा, मेण दोनशेचं, डब्या शंभराच्या. आणि हे सगळं चारशेच्या लिपस्टिकचे तुकडे वाचवायला. मी फक्त बेरीज केली.

आरसा
सडेतोडताई, तुम्ही कधी गोधडी शिवलीत का? बाजारात रजई स्वस्तच मिळते.

सडेतोड
बरं, हे पटलं.

हिरवी_मिरची
लिपस्टिक नको, बीटाचा रस घालून बाम केला तर? पूर्ण नैसर्गिक.

चिंगी_२
केलाय. लाल ठिपक्यांचं तूप झालं.

रसायनी
बीटाचा रंग पाण्यात विरघळतो, तेलात नाही. खायच्या रंगांचंही तेच. शिवाय रस म्हणजे पाणी आलं, म्हणजे चार दिवसांत बुरशी. तेलात उतरणारा लाल रंग हवा असेल तर रतनजोत. काष्ठौषधी विकणाऱ्यांकडे या वनस्पतीच्या मुळाची साल मिळते. कोमट तेलात तासभर ठेवून गाळायची. काश्मिरी रोगनजोशला तो रंग यातूनच देतात. ओठांवर मात्र फिकाच येतो, लिपस्टिकचा ठसका नाही.

हिरवी_मिरची
मग लिपस्टिकमधला लाल कशाचा असतो?

रसायनी
बराचसा कृत्रिम. काहींमध्ये कार्माइन, म्हणजे कोचिनिअल नावाच्या किड्यापासून काढलेला. घटकांच्या यादीत 'सीआय ७५४७०' दिसलं तर तो.

हिरवी_मिरची
किडे?! मी चातुर्मासात कांदा-लसूण खात नाही आणि रोज लिपस्टिक खातेय!

तिरपागडे_भाऊ
उद्यापनाला लिपस्टिकच्या डब्या वाटा.

गोधडी
(चार दिवसांनी) धागा वर काढते. केलं!

पहिली खेप फसली. उत्साहात दहाच्या दहा शेड एकत्र केल्या. लाल, मरून, नारिंगी, जांभळट, तपकिरी, ती ओठ गायब करणारी गुलाबी. निघालं काय, तर गेरू. अक्षरशः अंगणातल्या तुळशीवृंदावनाचा रंग. आणि वर त्या फिकट गुलाबीमुळे साय धरल्यासारखा पांढरट थर. लेकीने बघून म्हटलं, 'आई, हे भिंतीला आहे का?'

आरसा
अगं थांब, हे मी आधीच सांगायला हवं होतं. कपडे धुताना कसं पांढरे-रंगीत वेगळे करतेस, तसं करायचं. उष्ण रंग एका ढिगात: नारिंगी, विटकरी, टोमॅटो लाल. थंड रंग दुसऱ्या: मरून, जांभळट, राणी. दोन्ही मिसळले की माती. आणि त्या फिकट शेडमध्ये पांढरं रंगद्रव्य ठासून भरलेलं असतं, ती एकच सगळ्यांना दुधाळ करते. ती शेवटी कणाकणाने घाल किंवा घालूच नकोस. आधी तळहातावर टाचणीच्या टोकाएवढं मिसळून बघ, मग वितळव.

गोधडी
तेच केलं गं दुसऱ्या खेपेला, नशिबाने तीन मरून-राणीचे बुडखे पूर्ण कोरले नव्हते. नळीच्या तळातलं टूथपिकने काढलं. रसायनीताईंचं माप, मुठेल भावाने चिपळूणहून आणलेलं. वाटीत लिपस्टिक टाकल्यावर ती लगेच नाही विरघळली, आधी कडेने लाल धागे सुटले, पाण्यात शाई पडते तसे, मग काडी फिरवल्यावर एकदम सगळं जांभळाच्या रसासारखं झालं. ताटलीवरचा थेंब पहिल्यांदा मऊ निघाला, अर्धा ग्रॅम मेण वाढवलं. चार डब्या भरल्या. लावल्यावर जांभूळ खाल्ल्यासारखे ओठ दिसतात, तेवढेच. लिपस्टिक लावलीय असं वाटत नाही. मला हेच हवं होतं, आणि हे दुकानात मागायचं तर शब्दच नव्हता माझ्याकडे.

आजीची_नात
जांभूळ! अगदी तो रंग आला डोळ्यांपुढे.

कोकणकडा
मुठेलाचा विजय असो. एकच विचारतो, दोन दिवसांनी रवाळ झालं का? कधी कधी साजूक तुपासारखे कण धरतं.

गोधडी
एका डबीत थोडे कण आलेत. बाकी तीन फ्रीजमध्ये ठेवल्या होत्या, त्या गुळगुळीत.

रसायनी
झटकन गार केलं की कण धरत नाहीत. ती एक डबी पुन्हा वितळवून सरळ फ्रीजमध्ये ठेव. आणि झाकणावर आजची तारीख लिही. सहा महिन्यांत संपव, वास बदलला तर त्याआधी टाक. डबीत ओलं बोट घालायचं नाही, लोणच्याचा नियम.

चिंगी_२
मैत्रिणींना विकायला काढ की! 'गोधडी बाम'.

रसायनी
विकू नको. आपल्याकडे विक्रीसाठी प्रसाधनं बनवायची तर परवाना लागतो. आणि हे तुझ्या तोंडाला लागलेल्या लिपस्टिकचं आहे, भेटही देऊ नको. घरातही प्रत्येकीची डबी वेगळी.

गोधडी
उशीर झाला. साबांनी एक डबी उचलली. 'मला मेलीला कसला रंग' म्हणाल्या आणि संध्याकाळी भजनाला लावून गेल्या. आता भजनी मंडळातल्या तिघी विचारताहेत.

नागपुरी_संत्रं
साबांना सांगा, डिकीत नका ठेवू म्हणा.

सडेतोड
मूळ मत कायम, पण चार बाद केल्या हे वाचून बरं वाटलं. आणि हो, माझ्याकडे सहा बुडखे सापडले. मरूनच आहेत. काट्याची लिंक द्या कोणीतरी.

तिरपागडे_भाऊ
धागा यशस्वी, मालक सत्कार करा.

गोधडी
एक शेवटचा प्रश्न, आणि हा खरा गंभीर आहे. काचेची वाटी नव्हती म्हणून पहिली खेप मी फोडणीच्या कढल्यात केली. आता तो गेरू निघत नाही. दोनदा घासला.

आजीची_नात
नळाखाली धरू नकोस! गार पाण्याने मेण जास्त घट्ट बसतं, आणि सिंकमध्ये गेलं तर नळी तुंबते. कढलं नुसतंच जरा गरम कर, वर्तमानपत्राने पुसून काढ, तो कागद कचऱ्यात. मग कोरडं डाळीचं पीठ चोळ, ते तेल धरतं. मग साबण.

गोधडी
केलं. मेण गेलं. तळाला किंचित गुलाबी राहिलंय.

तिरपागडे_भाऊ
आज आमटी काय रंगाची?

गोधडी
आज आमटी नाही. पिठलं, आणि तेही लोखंडी कढईत. कढलं साबांच्या नजरेआड, वरच्या फळीवर.